तयार गेमिंग संगणक घ्यावा की सुटे भाग जोडून घ्यावा?

दोन्ही मार्गांतील फरक, हमीची वाटणी, जाहिरातीतील खाचाखोचा आणि दमट हवामानात घ्यावयाची काळजी यांची सविस्तर माहिती

वडोदऱ्याच्या जुन्या शहराच्या पश्चिम अंगाला लहरीपुरा दरवाजा आहे. त्याच परिसरात माझ्या मावशीचे घर आहे. गेल्या दिवाळीत तेथे गेलो असता मावसभावाच्या मुलाने एक वही समोर ठेवली. शिकवण्या घेऊन त्याने साठवलेले ४५ हजार रुपये आणि वहिनींच्या भिशीचे तेवढेच, असे एकूण ९० हजार रुपये हाताशी होते. त्यातून त्याला अभ्यास आणि खेळ या दोहोंसाठी संगणक घ्यायचा होता. ‘काका, तयार मशीन घेऊ की पार्ट आणून जोडू?’ हा त्याचा प्रश्न. वहिनींचा प्रश्न निराळा होता. ‘भावजी, बिघडला तर धावायचे कोणाकडे, तेवढे आधी सांगा.’

हे दोन्ही प्रश्न गोव्यातील घराघरांतही विचारले जातात. दहावी-बारावीचा निकाल लागला की मुलांकडून पहिला प्रश्न येतो आणि पालकांकडून दुसरा. बहुतेक चर्चा पहिल्या प्रश्नाभोवती, म्हणजे किमतीभोवती फिरते. परंतु तयार आणि जोडलेला संगणक यांतील खरा भेद दुसऱ्या प्रश्नात दडलेला आहे. बिघाड शोधण्याची आणि दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवले तर पुढील निवड पुष्कळ सोपी होते.

जोडणी शक्य कशी झाली?

भ्रमणध्वनी किंवा लॅपटॉप आपण घरी जोडत नाही; टेबलावरचा संगणक मात्र जोडू शकतो. याचे मूळ १९८१मध्ये आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. वेळ वाचवण्यासाठी कंपनीने त्यातील प्रोसेसर इंटेलकडून, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून आणि इतर अनेक भाग बाहेरून घेतले. त्याची रचना खुली असल्याने इतरांनाही तसेच संगणक आणि त्याला जुळणारे भाग बनवता आले. पुढे १९९५मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मानक मांडले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या जागा आणि वीजजोडणी त्याने ठरवून दिली. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये आजही बसतो, तो या मानकामुळे.

भारतात या सोयीचा लाभ दुकानदारांनी घेतला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एसपी रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारपेठा सुट्या भागांच्या बळावर वाढल्या. १९९०च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत आलेला पहिला संगणक अनेकदा ‘असेम्बल्ड’ असे. त्यामुळे आपल्याकडे मार्ग दोन नसून तीन आहेत: कंपनीचा तयार संगणक, स्वतः जोडलेला संगणक आणि दुकानदाराकडून आपल्या यादीप्रमाणे जोडून घेतलेला संगणक.

पैसा कोठे जातो?

गेमिंग संगणकात आठ मुख्य घटक असतात: प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि कूलर. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस यांचा खर्च वेगळा. केवळ खेळाचा विचार केल्यास ग्राफिक्स कार्ड हा सर्वांत महाग आणि सर्वांत परिणामकारक भाग ठरतो. मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा ते त्याहून थोडे अधिक त्यावर खर्च होणे योग्य मानले जाते.

तयार संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे नाव ठळक अक्षरांत असते. उरलेल्या सहा घटकांविषयी बहुधा मौन असते आणि काटकसर नेमकी तेथेच केलेली असते. पुढील चार बाबी विशेष तपासाव्यात.

पहिली, ग्राफिक्स कार्डाची मेमरी. ‘आरटीएक्स ५०६० टीआय’ हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते. ‘आरटीएक्स ३०५०’च्या ८ जीबी आणि ६ जीबी रूपांत तर मेमरीबरोबर गणनकेंद्रांची संख्याही वेगळी आहे, पहिल्यात २५६०, दुसऱ्यात २३०४. केवळ नावावरून कार्ड ओळखता येत नाही.

दुसरी, रॅमची मांडणी. १६ जीबी रॅम एकाच पट्टीत दिली तर मेमरीचा एकच मार्ग वापरला जातो. ८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर दोन्ही मार्ग वापरात येतात आणि अनेक खेळांत त्याचा फरक जाणवतो.

तिसरी, एसएमपीएस. ‘५०० वॅट’ एवढेच लिहिलेले असेल तर ते अपुरे आहे. कंपनीचे नाव, नेमके मॉडेल आणि ‘८० प्लस’ प्रमाणपत्राची श्रेणी विचारावी. हे प्रमाणपत्र विजेच्या वापरातील कार्यक्षमता सांगते; टिकाऊपणाची ग्वाही देत नाही. म्हणून हमीची वर्षेही पाहावीत. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळताना स्वतःबरोबर महागडे भागही निकामी करू शकतो.

चौथी, प्रोसेसरची पिढी. ‘आय-७, १६ जीबी, गेमिंग पीसी’ अशा आकर्षक दरातील जाहिरातींत पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. तिसऱ्या पिढीचा आय-७ हा २०१२मधला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तर विंडोज १०ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. असा संगणक ‘नवीन’ म्हणून घेणे म्हणजे पहिल्या दिवसापासून जुना संगणक घेणे होय.

हमी: एक छत्री की आठ छत्र्या?

तयार संगणकाला सर्वसाधारणपणे एक वर्षाची एकत्रित हमी असते. जादा पैसे भरून ती वाढवता येते. बिघाड कोणत्या भागात आहे हे शोधणे हे कंपनीचे काम. ग्राहकाने फक्त संगणक चालत नाही एवढे कळवायचे.

सुट्या भागांची हमी प्रत्येक भागागणिक वेगळी आणि बहुधा दीर्घ असते. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांना साधारणतः तीन वर्षे, एसएसडीला तीन ते पाच वर्षे, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा वर्षे, तर अनेक कंपन्यांच्या रॅमला त्याहूनही अधिक काळ हमी मिळते. कागदावर ही हमी निश्चितच सरस आहे. परंतु संगणक सुरू झाला नाही तर दोष रॅममध्ये आहे की मदरबोर्डमध्ये, हे ग्राहकाने शोधायचे असते. त्यासाठी पर्यायी रॅम, पर्यायी एसएमपीएस हाताशी लागतो. तो घरात नसतो. मित्राकडे किंवा दुकानदाराकडे असतो.

हमी लांब आहे की आखूड याच्याइतकेच ती वापरता येते का, हेही महत्त्वाचे. पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथे राहणाऱ्यास जे सुलभ आहे ते काणकोण, पेडणे किंवा सत्तरीत राहणाऱ्यास असेलच असे नाही. तयार संगणक घेताना ‘घरपोच सेवा’ आपल्या पिनकोडवर उपलब्ध आहे का, हे लेखी विचारावे. सुटा भाग घेताना त्याचे सेवाकेंद्र राज्यात आहे का, नसल्यास तो कोठे पाठवावा लागेल आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, हेही विचारून घ्यावे. परदेशातून परस्पर आणलेल्या भागांना येथे हमी मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे भारतातील अधिकृत वितरकामार्फत आलेला माल आहे का, याची खातरजमा करावी.

२०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष आढळला. कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि बाधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. नामांकित भागातही दोष निघू शकतो, आणि बिल जपून ठेवलेल्यालाच अशा वाढीव हमीचा लाभ घेता येतो.

बिल आणि विंडोज

संगणक व त्याच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिलाशिवाय घेतल्यास स्वस्त पडेल’ हा दुकानदाराचा प्रस्ताव म्हणजे हमी सोडून देण्याचा सौदा असतो. दुकानदाराकडून जोडून घेताना ‘गेमिंग संगणक, एक नग’ असे एका ओळीचे बिल स्वीकारू नये. प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक आणि किंमत स्वतंत्र ओळीत असावी. भागांची रिकामी खोकीही मागून घ्यावीत.

तयार संगणकात परवानाधारक विंडोज बहुधा किमतीतच असते. जोडलेल्या संगणकासाठी ते वेगळे विकत घ्यावे लागते. किमतींची तुलना करताना हा खर्च अनेकजण विसरतात आणि मग दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणतो ती चोरीची प्रत संगणकात येते. अशा प्रतीसोबत वापरली जाणारी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ साधने व्हायरसचा राजमार्ग ठरू शकतात. त्याच संगणकावरून घरातील बँक व्यवहार होणार असतील तर ही बचत फार महाग पडेल.

तक्रार सुटत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही. या प्रत्येक पायरीवर पहिला कागद मागितला जातो तो बिलाचा.

स्वतः जोडणी: श्रम आणि शिक्षण

स्वतः जोडणी करण्यास लागतो एक चांगला स्क्रूड्रायव्हर, मोकळे टेबल आणि नवख्यास अख्खा दिवस. भागांची परस्पर जुळवणी मात्र खरेदीपूर्वीच तपासावी लागते. प्रोसेसर आणि मदरबोर्डचे सॉकेट एकच हवे. डीडीआर-५ रॅम डीडीआर-४च्या खाचेत बसत नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावली पाहिजे. नवा प्रोसेसर जुन्या साठ्यातील मदरबोर्डवर बसवताना आधी बायोस अद्ययावत करावे लागू शकते. सॉकेटमधील नाजूक पिना वाकल्यास ते हाताळणीतील नुकसान समजले जाते आणि हमीत बसत नाही. जोडणीतील खरी जोखीम ही आहे.

या श्रमाचे फळही मोठे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये वडोदऱ्यात कलाभवन स्थापन केले, ते हाताने काम करत तंत्रविद्या शिकता यावी यासाठी. दादासाहेब फाळके काही काळ तेथेच शिकत होते. पुढे हीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली. पुण्याच्या ‘सी-डॅक’ची कथाही अशीच आहे. अमेरिकी महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यानंतर १९८८मध्ये ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. त्यातील ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे होते. त्यांना एकत्र काम करायला लावण्याचे कौशल्य येथले होते. घरातील जोडणीची तुलना त्या कार्याशी होऊ शकत नाही. तरीही ज्याने प्रत्येक भाग स्वतः बसवला आहे त्याला बिघाडाची भीती कमी वाटते, हा लाभ दोन्हीकडे सारखाच आहे.

जोडलेल्या संगणकाचे आयुष्यही टप्प्याटप्प्याने वाढवता येते. एएमडीने २०२२मध्ये आणलेल्या ‘एएम-५’ सॉकेटला किमान २०२७पर्यंत साथ देण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे आज साधा प्रोसेसर घेऊन पुढे त्याच मदरबोर्डवर वरचा प्रोसेसर बसवता येईल. याउलट काही तयार संगणकांत मदरबोर्ड व एसएमपीएस यांची रचना कंपनीची स्वतःची असते, आणि ग्राफिक्स कार्ड बदलायचे म्हटले की सारेच अडते. भाग ‘एटीएक्स’ मानकाचे आहेत का आणि रॅम किंवा एसएसडी वाढवण्यासाठी कॅबिनेट उघडल्यास हमी जाते का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावेत.

वीज, पाऊस आणि समुद्राची हवा

लहरीपुऱ्यात चिंता होती ती उन्हाळ्याची. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जुन्या घरांत धूळही पुष्कळ. तेथे जाळीदार पुढील बाजू आणि धुण्याजोग्या धूळगाळण्या असलेले कॅबिनेट हवे. गोव्यातील शत्रू वेगळा आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा दमट असते आणि किनारपट्टीवर तीत क्षारही असतात. संगणक समुद्राकडील खिडकीजवळ किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नये. जमिनीपासून उंचावर ठेवावा आणि पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद राहू देऊ नये. चालू संगणकाच्या उष्णतेने आतील दमटपणा कमी होतो.

यूपीएसचे गणितही आधी करावे. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. ११५ वॅटचे ‘आरटीएक्स ४०६०’ असलेला संगणक मॉनिटरसह त्यावर चालू शकेल. २५० वॅटचे ‘आरटीएक्स ५०७०’ असेल तर ऐन खेळात वीज जाताच यूपीएसही मान टाकेल. तेथे ११०० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस हवा. यूपीएस असला तरी घरातील अर्थिंग तपासून घेणे चुकत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलवावे. विजांचा कडकडाट सुरू झाला की वीज आणि इंटरनेट या दोन्हींच्या तारा काढून ठेवाव्यात.

बाजाराची वेळ

‘जोडलेला नेहमीच स्वस्त’ ही समजूत काळानुसार खरी-खोटी ठरते. २०२१च्या सुमारास आभासी चलनाचे उत्खनन आणि चिपांचा तुटवडा यांमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव इतके चढले होते की अनेक ठिकाणी तयार संगणक घेणे परवडत होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्या उत्खननातील कार्डे जुन्या बाजारात आली. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव झपाट्याने चढले. अशा काळात जुन्या दराने साठा केलेल्या कंपनीचा तयार संगणक सुट्या भागांच्या बेरजेहून स्वस्त असू शकतो. म्हणून खरेदीच्याच आठवड्यात तयार संगणकातील प्रत्येक भागाची सुटी किंमत काढावी, त्यात विंडोजची किंमत मिळवावी आणि मग तुलना करावी. तयार संगणक थोडा महाग पडत असेल तर ते जोडणीचे व सेवेचे मोल समजावे. फरक फार मोठा असेल तर तो सोडून द्यावा.

कोणी काय निवडावे?

घरात संगणकाची जाण असलेले कोणी नाही, संगणक अभ्यासासाठी किंवा व्यवसायासाठी रोज लागतो आणि एक आठवडाही तो बंद राहणे परवडणार नाही, अशांनी घरपोच सेवेसह तयार संगणक घ्यावा.

ज्याला शिकण्याची ओढ आहे, वेळ आहे आणि अडचणीत पर्यायी भाग देणारा मित्र जवळ आहे, त्याने स्वतः जोडावा.

ज्याला भाग स्वतः निवडायचे आहेत, परंतु पहिल्या जोडणीची जोखीम नको आहे, त्याने यादी स्वतः करून दुकानदाराकडून जोडून घ्यावा. मात्र हमीच्या काळात भाग पाठवण्याचे काम दुकानदार करील की ग्राहक, हे बिलावरच लिहून घ्यावे.

लहरीपुऱ्याच्या पुतण्याने हा तिसरा मार्ग धरला. यादी त्याची, जोडणी दुकानदाराची. जोडणी होईपर्यंत तो शेजारी बसून राहिला. बिल तपशीलवार आले. घरी आणल्यावर मात्र पडदा काळाच राहिला आणि वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या जागेत खोचलेली होती. ती बदलताच चित्र उमटले. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की नव्या संगणकाच्या तक्रारीत प्रथम तीच पाहावी. डीडीआर-५ रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे काहीच दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्या वेळी घाईने बटण दाबून संगणक बंद करू नये.

चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याच्यावर पूर्ण भार टाकून पाहावा. दोन-तीन तास जड खेळ चालवावा, तापमान नोंदवावे, सर्व यूएसबी जागा तपासाव्यात आणि रॅम तिच्या जाहीर वेगाने चालते आहे का, हे बायोसमध्ये पाहावे. अनेक दुकानांत सदोष भाग तत्काळ बदलून देण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. त्यानंतर भाग कंपनीकडे पाठवून वाट पाहावी लागते. बिलाचे छायाचित्र भ्रमणध्वनीत आणि मूळ बिल घरच्या कागदपत्रांत ठेवावे. छापील शाई काही वर्षांत उडून जाते, हमी त्याहून अधिक काळ असू शकते.